बंब चाळीस मिनिटांत आला, दाखल्याला अडीच महिने लागले

गेल्या फेब्रुवारीत आमचा दीड एकर ऊस जळाला. भर दुपार, वारं सुटलेलं. बांधावरून गेलेल्या तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणग्या वाळलेल्या पाचटात पडल्या. आता पावसाळा लागला तरी अग्निशमन विभागाच्या त्या आगीच्या दाखल्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधीच सांगते, बंबावरच्या माणसांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आमचं गाव नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, चौदा किलोमीटरवर. ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोचावा असा देशपातळीवरचा निकष आहे. आमच्याकडे चाळीस लागली, पण आमचा रस्ता बघितला तर ती कमीच म्हणायची. शेवटी ओढ्यातली गाडीवाट आहे, तिथं बंब उतरेना. त्यांनी पाइपाला पाइप जोडत बांधापर्यंत ओढत आणला. एका पोराच्या हातमोज्याचा अंगठा फाटलेला होता, तसाच तो नॉझल धरून धुरात उभा राहिला. टाकी संपली तेव्हा वीज तोडलेली होती, म्हणून शेजाऱ्यांच्या डिझेल इंजिनानं विहिरीचं पाणी भरून दिलं. पलीकडचा चार एकरांचा फड आणि आमचा गोठा वाचला तो त्यांच्यामुळे.

पंचनामा, पोलिसांतली नोंद, जळिताची तोड हे सगळं आठवड्यात उरकलं. नुकसानभरपाईच्या अर्जाला मात्र अग्निशमन विभागाचा दाखला लागतो, आणि तिथं गाडी रुतली.

आगीचा फोन येतो त्याला त्यांच्याकडे ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी ज्यानं दिली त्याचं नाव रजिस्टरला पहिलं चढतं. आमची वर्दी शेजारच्या आबांनी दिली होती, कारण मी तेव्हा गोठ्यातली जनावरं सोडत होते. हद्दीबाहेर बंब आल्याचं शुल्क मी भरलं, पावती घेतली, आणि दाखला हातात पडला तर त्यात लिहिलेलं, आबांचा ऊस जळाला. गट नंबरची जागा कोरी. भरपाईच्या टेबलावर तो दोन मिनिटांत परत आला. “सातबारा तुमचा आणि दाखला दुसऱ्याचा, असं कसं चालेल?”

परत नगरपरिषदेत गेले. “रजिस्टरला खाडाखोड करता येत नाही, ताई.” मग दुसरा दाखला द्या म्हटलं. “त्याला साहेबांची सही लागते.” साहेबांकडे आणखी एका गावचा कार्यभार, ते आठवड्यातून दोनच दिवस बसतात आणि ते दोन दिवस कोणते हे कुणी सांगत नाही. तिसऱ्या खेपेला सांगितलं, ज्यांच्या नावानं नोंद आहे त्यांना घेऊन या. आबा बहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. एसटीनं घेऊन गेले त्यांना. दोन जिने चढले बिचारे, तर साहेब दौऱ्यावर.

चौथ्या खेपेला जे ऐकलं ते अजून टोचतं. “तुमचं गाव आमच्या हद्दीतच नाही, त्यामुळे दाखला दुरुस्त करून द्यायचा का याचं मार्गदर्शन मागवलंय.” शुल्क घेताना हद्द आडवी आली नव्हती. बंब हाकणाऱ्यानंही हद्द बघितली नव्हती.

त्या रात्री लेकीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८ विषय आहेत, त्यात अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय, त्यात ती नाही. म्हणजे गावात आग लागली तर शेजारच्या शहराचा बंब हाच आमचा बंब. मग त्याचा कागद आम्हाला मिळायलाच हवा ना? मला हे आधी माहीत असतं तर चौथ्या खेपेला गप्प बसून परत आले नसते.

दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज दिला, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं एवढंच, त्या तारखेच्या वर्दी रजिस्टरच्या पानाची आणि बंबावरच्या पथकाच्या अहवालाची साक्षांकित प्रत. मुदत ३० दिवसांची असते. सव्विसाव्या दिवशी प्रत मिळाली आणि मी तिथंच बाकावर बसून वाचली. अहवालाच्या खालच्या रकान्यात पथकप्रमुखानं स्वतःच्या हातानं माझं पूर्ण नाव, गट नंबर, गाव, तालुका, सगळं बरोबर लिहिलेलं होतं. आग विझल्यावर काळ्या हातांनी वही गुडघ्यावर ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. दाखला लिहिणाऱ्यानं खालचा रकाना वाचलाच नव्हता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ते पान टेबलावर ठेवलं. चार दिवसांत नवा दाखला मिळाला, ‘वर्दी देणार’ आणि ‘नुकसानग्रस्त’ अशा दोन वेगळ्या ओळींचा.

तेव्हा फोन कुणीही करो, शेत कुणाचं ते आणि गट नंबर त्याच फोनवर सांगा. तालुकाही सांगा, एका नावाची गावं पुष्कळ असतात. आग विझवून पथक परत निघायच्या आधी त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा, ते दाखवतात. दाखला खिडकीवरच वाचा, मी घरी येऊन वाचला तिथं चुकले. आणि १०१ वर विसंबू नका. आबांनी आधी १०१ लावला तर तो भलत्याच शहरात लागला, त्यात पाच मिनिटं गेली. जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर मी आता मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलाय, शेजारी गट नंबर.

आणखी एक राहिलंच. लाईनमन येऊन तारा ओढून घट्ट करायच्या आत त्या लोंबत्या तारांचे आणि खांबाचे फोटो काढा. फाईल आता विद्युत निरीक्षकांकडे आहे आणि त्यांनी पहिल्यांदा तेच मागितले.