उंबऱ्याबाहेरचा उत्तम शुक्रवार

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. सासर-माहेर एकाच आळीत, मधे सात घरं. आळी आमची ख्रिस्ती लोकांची. टोकाला पत्र्याचं छोटं चर्च आणि त्याच्या पुढ्यात लिंबाला टांगलेली घंटा. पाळकसाहेब दर रविवारी सांगलीहून मोटारसायकलवर यायचे. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू रविवारीच आला आणि तिथून त्यांचं येणं थांबलं.

दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात एकाच घरातल्या चौघांचे कोरोनाचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. परदेशी यात्रेला जाऊन आलेली माणसं. आठवडाभरात आकडा वीसच्या वर गेला. इस्लामपूर म्हणजे आमचं बाजाराचं गाव. लग्नाचा बस्ता तिथं, अडलेलं बाळंतपणही तिथंच न्यायचं. त्या घराबद्दल लोक जे बोलत होते ते कानांनी ऐकवत नव्हतं. माणसाला ताप किती हे नंतर, आधी त्याचं नाव काय ते विचारायचं! मला धास्ती बसली ती तेव्हाच. उद्या आमच्या आळीत एखादा निघाला तर आम्हालाही हेच ऐकावं लागणार.

रोज पन्नासेक घरं करायची. ताप, खोकला, धाप कुणाला आहे का, बाहेरगावाहून कोण आलंय, कुठल्या तारखेला. मास्क जुन्या सुती साडीचा, घरीच शिवलेला. सरकारनं ५० लाखांच्या विम्यात आशांनाही धरलं होतं. आई म्हणाली, "इमा मेल्यावर मिळतो गं, त्येचा मला काय उपेग?" मी काय बोलणार? प्रत्येक दारात हाक मारायच्या आधी मनातल्या मनात एकच म्हणायचे, प्रभू, या घरात ताप नसू दे. चर्चमधली मंडळीची उपासना बंद पडल्यापासून माझी प्रार्थना एवढीच उरली होती, पण दिवसातून पन्नास वेळा व्हायची.

५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला, ईस्टरच्या आधीचा. मिरवणूक नाही, होसान्नाचा जयघोष नाही. पोरांनी ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडून आणली आणि आम्ही ती ज्याच्या त्याच्या दाराला खोचली. त्याच रात्री नऊ वाजता सगळ्या देशानं दिवे लावले, आम्हीही लावले.

पाच दिवसांनी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती पानं वाळून पिवळी पडली होती. मला उपास होता. दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना व्हायची, लहानपणापासून कधी चुकली नव्हती. यंदा ती वेळ मी सर्वेत घालवत होते. आबांच्या घराशी आले आणि आतून गाणं ऐकू आलं. दार-खिडक्या बंद, आवाज दाबलेले, पण चाल ओळखीची.

आबा म्हणजे आमच्या मंडळीचे वडील, चर्चमधले जाणते ज्येष्ठ. वय ऐंशीच्या घरात. संडे स्कूलमध्ये आम्हा सगळ्या पोरींना वचनं पाठ करायला लावली ती यांनीच. त्यांचा नातू १ एप्रिलला भाजीच्या टेम्पोतून पुण्याहून आला होता. त्याचं नाव माझ्या रजिस्टरला होतं. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, वेगळ्या खोलीत झोपायचं, सगळं समजावून सांगितलं होतं.

मी कडी वाजवली. गाणं थांबलं. दार आबांनीच उघडलं.

आत अकरा माणसं. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, बायका पांढऱ्या साड्यांत. मधे स्टुलावर उघडं पवित्र शास्त्र आणि एक मेणबत्ती. नातू भिंतीला टेकून बसलेला आणि त्याच्या शेजारी तोंडाला पदर लावून माझी आई.

"आलीस व्हय? ये की आत. चौथा उद्गार चाललाय."

"आबा, मी आत येत नाही. तुम्ही सगळी बाहेर या. एकेक करून."

"आज? आजच्या दिशी तू मला उपासना बंद कर म्हनतीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. "एक्याण्णवावं स्तोत्र तुला मी पाठ करून घेतलंय. काळोखात फिरणाऱ्या मरीचं काय लिवलंय त्यात? म्हन बघू."

ते स्तोत्र मला अजून पाठ आहे. त्या महिन्यात ते सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होतं. मरी तुझ्याजवळ येणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील. रात्री झोप लागली नाही की मीही तेच म्हणायचे. म्हणून तर मला पटकन काही बोलता आलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी होते, ऊन टाळूवर, पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नाही.

आबा पुढं म्हणाले, "पलेगात आमच्या म्हाताऱ्यांनी प्रार्थना सोडली न्हाई."

मग मात्र मला सुचलं. "आबा, प्लेगातली गोष्ट तुम्हीच सांगितलीय आम्हाला. गाव रिकामं केलं, लोक रानात खोप्या घालून राहिले. एका खोपीतून दुसऱ्या खोपीत कुणी जायचं नाही. म्हणजे त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि एका जागी गोळाही झाले नाहीत." आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि त्या भागात प्लेगानं घरंच्या घरं नेली. आबांचा बाप अशाच एका खोपीत जन्मला, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

ते गप्प झाले. मी म्हणाले, "मत्तय चार काढा. सहावी ओवी."

त्यांनी स्टुलावरचं पुस्तक उचललं, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. कारण शास्त्रात लिहिलंच आहे, देवदूत तुला झेलतील. इथं आबांचा आवाज अडखळला, कारण हे शब्द त्याच स्तोत्रातले आहेत. येशूचं उत्तर त्यांनी अगदी हळू वाचलं. 'परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको.'

पुस्तक मिटलं. मेणबत्ती त्यांनी स्वतःच विझवली.

मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. ज्यांनी वचनं शिकवली त्यांना वचनानंच अडवलं, तेही वधस्तंभाच्या दिवशी, हे आजही मनाला लागतं. पण परत ती वेळ आली तर परत तेच करीन. उडी टाकणारा एकटा असता तर गोष्ट वेगळी. इथं त्याच्या हाताला धरून माझी आई उडी टाकत होती, शेजारची सात महिन्यांची गरोदर सूनही.

माणसं एकेक करून बाहेर पडली आणि मी दारातच रजिस्टर उघडलं. गुरुवारीच आम्हा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी बजावलं होतं, क्वारंटाईनमधल्या माणसाजवळ कोण बसलं, कोण जेवलं, सगळं लिहायचं. मी नावं लिहू लागले. एक, दोन, तीन. तेव्हा एक काकी माझ्या अंगावरून जाताना म्हणाली, "आपल्याच मानसांची नावं सरकारात देतीस? यहूदा बी ह्येच करीत हुता."

पेन थांबलं. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. यहूदा म्हणजे येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य. उत्तम शुक्रवारी ख्रिस्ती बाईला याहून मोठी शिवी नाही. त्या काकीनं माझ्या बाळाला मांडीवर घेऊन बाप्तिस्म्याला नेलं होतं. मी उत्तर दिलं नाही. पाचवं नाव लिहिलं, सहावं लिहिलं. आठवं नाव आईचं. ते लिहिताना ती माझ्यासमोर उभी होती, वय विचारलं तर म्हणाली, "तुला ठावं न्हाई व्हय?" आणि मग तिनंच सांगितलं, त्रेसष्ट.

संध्याकाळी ताईंना फोनवर सगळं कळवलं. अकरा जणांवर रोज लक्ष ठेवायचं ठरलं, २४ एप्रिलपर्यंत. त्या रात्री मी घरात वेगळी झोपले. तिसऱ्या प्रहरापर्यंत एकच शब्द कानात वाजत होता. शेवटी उठून दिव्याशी बसले आणि दुपारी चुकलेले सातही उद्गार एकटीनं वाचून काढले. चौथ्यापाशी फार वेळ थांबले. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आजवर तो उद्गार मी येशूचा म्हणून ऐकला होता. त्या रात्री पहिल्यांदा तो स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

ईस्टरला पहाटेची प्रभातफेरी निघाली नाही. साडेपाचला घंटा मात्र वाजली. आबा एकटेच लिंबाखाली उभे राहून दोर ओढत होते. घराघरांची दारं उघडली आणि माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी राहिली. कुणीतरी गाणं धरलं. सात घरांपलीकडून आईचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

रात्री आबांचा फोन आला, शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "योहान वीस वाचलंस आज? एकोणिसावी ओवी. शिष्यांनी भ्यानं दारं लावून घेतली हुती. तरी प्रभू आत आला. मी म्हाताऱ्यानं इतकी वरसं वाचलं, पर दारं बंद हुती, ह्येच्याकडं माझं ध्यानच न्हवतं." मला बोलवेना. फोन कानाला धरून नुसती हुंकार देत राहिले.

नातवाचे चौदा दिवस पुरे झाले, त्याला काही झालं नाही. काही लोक म्हणाले, बघा, उगाच केलं. म्हणोत. काकी बोलायला लागली नव्हती. तिच्या दारातही मी रोज जायचे, ताप विचारायचे, ती मानेनं नाही म्हणायची, मी लिहून घ्यायचे.

२४ तारखेला शेवटची फेरी केली. आबांच्या अंगणात पोचले तेव्हा ते दारातच बसले होते. मी विचारलं, "ताप? खोकला?" त्यांनी दोन्हीला नाही म्हटलं. मग उठले, आतून लाकडी खुर्ची ओढत आणली, अंगणात मधोमध ठेवली, फडक्यानं पुसली आणि आपण होऊन मागं सरकत उंबऱ्याच्या आत जाऊन बसले.

"बस जरा," म्हणाले. "उन्हाची आलीयास."

मी बसले आणि मांडीवर रजिस्टर उघडलं.