सूर्य शेवटी फुटणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण ताऱ्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. नाही, फुटणार नाही. स्फोट होतो तो सूर्याच्या साधारण आठपट किंवा त्याहून जड ताऱ्यांचा. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळेच, झिजतात. मला तर स्फोटापेक्षा हे झिजणंच जास्त नवलाचं वाटतं, पण त्याची बातमी होत नाही.

म्हातारपणी तारा फुगून तांबडा राक्षसी होतो. पृष्ठभाग केंद्रापासून इतका दूर जातो की गुरुत्वाची पकड सैल पडते. त्यात तो महिनोन्‌महिन्यांच्या ठेक्यात आकसत-फुगत असतो आणि दर वेळी वायू वर उसळतो. तो खालीच परतला असता, पण वर तो गार होतो आणि तापमान दीड हजार केल्विनच्या आसपास उतरलं की त्यात धूळ धरू लागते. वायूतून प्रकाश बराचसा आरपार जातो. धुळीचा कण तो अडवतो, म्हणून बाहेर ढकलला जातो, आणि जाताना भोवतालच्या वायूलाही ओढून नेतो. कार्बनयुक्त ताऱ्यांत हे गणित छान जुळतं. ऑक्सिजन जास्त असलेल्यांची धूळ बरीच पारदर्शक असते. तिथे प्रकाशाचा रेटा पुरतो का, यावर अजून वाद आहे.

बाहेर वाहत जाणाऱ्या या वायू-धुळीचा हा वारा सेकंदाला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा. पण ऐन भरात लाखभर वर्षांत, कधी त्याहूनही लवकर, एका अख्ख्या सूर्याएवढा ऐवज निघून जातो! तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा असाच एक तारा. त्याची चमक बदलते हे फाब्रिसिउस या खगोल निरीक्षकाने १५९६ मध्ये नोंदवलं होतं. त्याची १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी मात्र २००७ साली उजेडात आली, तीही अतिनील प्रकाशात. गेल्या ३०,००० वर्षांत त्याने टाकलेला माल तो.

असा माल आपल्या हाती लागलाही आहे. ऑस्ट्रेलियात मर्चिसनला १९६९ मध्ये पडलेल्या अशनीत सूर्याहून जुने सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले, बहुतेक अशाच ताऱ्यांतले.

सूर्याची ही पाळी सुमारे पाच अब्ज वर्षांनी येईल. जवळजवळ निम्मं वस्तुमान जाऊन मागे श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा लहानसा, घट्ट गाभा, उरेल. बुध-शुक्र गिळले जातील. पृथ्वीचं सांगणं अवघड, कारण सूर्य हलका होईल तशी तिची कक्षा रुंदावेल. तो आधी झिजतो किती आणि फुगतो किती, यावर सगळं ठरेल.