ते गाडीचं चित्र

परवा फोनवर दादा सहज म्हणाला, "अगं, ते गाडीचं चित्र रद्दीवाल्याला देऊन टाकलं. काच तडकलेलीच होती." मीही "बरं केलंस" म्हटलं. तेव्हापासून चैन नाही. आईच्या कपाटाचं काय झालं, ते तर विचारलंही नाही.

आज शुक्रवार, नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी. कामावरून थेट गेले. इतकी वर्षं लंडनमध्ये राहून त्याचं मूळ चित्र कधी पाहायला गेले नव्हते. घरी आहेच की, असं वाटायचं.

जॉन कॉन्स्टेबल, 'द हे वेन', १८२१. सहा फूट रुंद! आपलं वहीच्या दोन पानांएवढं होतं. स्टूअर नदीचं उथळ पाणी, त्यात थांबलेली रिकामी गाडी, घोड्यांवरचं ते लाल, डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, काठावर कुत्रा. तापात पडले की मी त्या कुत्र्याकडे बघत राहायची. आज त्याच्यासमोर उभी होते आणि रडू येईना. मला एकदा विचारायचं तरी. एक फोन. माझं काहीच नव्हतं का त्या घरात?

बाकावर बसून फोनवर चित्राबद्दल वाचत राहिले. चित्र रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात विकलं गेलं नाही, पुढे १८२४ साली पॅरिसला सुवर्णपदक मिळालं, हे सगळं नुसतं डोळ्यांखालून गेलं. थांबले ते एका गोष्टीपाशी. कॉन्स्टेबलने हे नदीकाठी नाही, इथे लंडनमध्ये बसून रंगवलं. गाडी नेमकी कशी असते ते हवं होतं, तेव्हा गावातल्या एका तरुणाने तिचं रेखाटन केलं आणि धाकट्या भावाने, एब्रॅमने, ते सफकहून, त्यांच्या गावाकडून, धाडलं.

त्याने मागितलं होतं म्हणून आलं. मी दादाकडे कधी काय मागितलं? घर आवरायला तो एकटाच होता. महिनाभर. मी इथून "काय ठेवायचं ते तूच बघ" म्हणत होते.

बाहेर येऊन पायऱ्यांवरूनच त्याला लिहिलं, "दादा, त्या चित्रातला कुत्रा आठवतो?"

तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तरी लगेच उत्तर आलं. "कुत्रा नाही आठवत. मी आजारी असलो की चाकाचे आरे मोजायचो."

मी परत आत गेले, आरे बघायला.