बकऱ्यांचा फिरता कोठा: दहा बाय सहाच्या ट्रॉलीचं काम कुठवर आलं

पऱ्हाटी (कपाशी) निघाली की वावरात खतासाठी बकऱ्या बसवायच्या, आणि नवतप्याचं ऊन असो की पावसाची झड, त्यांना तिथेच आडोसा द्यायचा, यासाठी ही दोनचाकी ट्रॉली. मोठ्या बकरीला 10 ते 12 चौरस फूट जागा लागते. म्हणजे 60 चौरस फुटांत बेरारी या विदर्भातल्या जातीच्या पाच माद्या आणि त्यांची लहान पिल्लं, बस. बोकड यात नको.

सांगाडा 40×40×2 मिमीच्या चौकोनी पाइपाचा. आतली उंची मुद्दाम कमी ठेवली: एका अंगाला साडेपाच फूट, दुसऱ्या अंगाला पाच. ट्रॉलीचा पाटा, म्हणजे तळच, जमिनीपासून साडेतीन फूट, त्यामुळे एकूण उंची दहा फुटांच्या आत बसते. याच्या वर गेलं की वावरातल्या लोंबत्या तारा आणि मे-जूनचं वावधान, दोन्ही आडवे येतात.

पण छत इतकं खाली आलं की तापल्या पत्र्याची धग सरळ पाठीवर. म्हणून इन्सुलेशनचा सगळा पैसा छतावर आणि पुढच्या, हुकाकडच्या एका भिंतीवर. चारही बाजू पफने (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनलने) बंद केलेल्या ट्रॉल्या दिसायला छान दिसतात, आत मात्र मुताचा अमोनिया कोंडतो आणि बकऱ्या खोकायला लागतात.

छताला 50 मिमीचे पफ पॅनल, एक मीटर रुंद, आठ फूट लांब. तीन पूर्ण आणि चौथं उभं कापून, म्हणजे पुढे-मागे सहा इंच आणि दोन्ही बाजूंना एक-एक फूट वळचण सुटते. पॅनलवर दोन इंच हवेची फट सोडून पांढरा प्री-पेंटेड पत्रा. फटीची दोन्ही तोंडं उघडी, फक्त बारीक जाळी. नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. कापलेल्या कडेचा फोम उघडा ठेवू नका, उंदीर पोखरतात. पत्र्याचा यू चॅनल चढवून दर सहा इंचांवर रिव्हेट मारा. सगळं वेल्डिंग पॅनल चढवण्याआधी संपवा, फोम पेट घेतो. सिलिकॉन न्यूट्रल घ्या; आंबट वासाचं सिलिकॉन जस्त खातं. पाइप आणि पॅनलमध्ये 3 मिमीची फोम पट्टी हवीच. ती नसेल तर पुस-माघात बकऱ्यांच्या श्वासाची वाफ थंड पाइपावर जमते आणि पहाटे खाली टपकते.

लांब बाजूंना अडीच फुटांपर्यंत पत्रा, वर जाळी. पडदा पोल्ट्रीसारखा: खालची कड बांधलेली, दोरीने वर चढणारा. वरचे सहा इंच कायम उघडे राहतात, तीच हवा. खालची कड पत्र्यावर बाहेरून सहा इंच यायला पाहिजे. आत खोचली की पाणी सरळ आत.

उभी करताना बंद भिंत पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन ती अडवते, पावसाळ्यात तिकडूनच येणारा मारा. काळ्या मातीत चारही कोपऱ्यांना स्क्रू जॅक आणि त्याखाली फूटभर चौरस फळी. मेखा शक्यतो धुऱ्यावरच ठोका. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या आणि झडीत भिजलेल्या भारी जमिनीत त्या धरत नाहीत.

फरशीचं काम चालू आहे. बाभळीच्या दोन इंची पट्ट्या, मधे 12 ते 15 मिमी फट. जास्त ठेवली तर पिलांचे खूर अडकतात, कमी ठेवली तर लेंड्या खाली पडत नाहीत. दोन बाय तीनचे दहा तुकडे, एकट्याला उचलता येतील असे, पाट्यापासून सहा इंच वर. पाट्याला आधी डांबरी रंगाचे दोन हात, कारण मूत लोखंड खातं.

राहिला मागचा उतार. चार फूट चढायला आठ फूट लांबी, दर आठ इंचांवर आडवी पट्टी. एवढी लांब फळी रस्त्यावर मागे उभी बांधली तर वारा धरते, त्यामुळे मधोमध बिजागरी घालून दुमडायची आहे. दोन इंची बिजागरी त्या वजनाला पुरणार नाही. पाइपात सळई घालून लोहाराकडून करून घेणं बरं.