जर्मन वाइनचे लेबल मी कसे वाचायला शिकले

नोकरीनिमित्त जर्मनीतील माइन्त्सला आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या वृद्ध दांपत्याने मला रात्रीच्या जेवणाला बोलावले. मासे असल्याचे समजले होते, म्हणून जवळच्या सुपरमार्केटमधून मी मोझेल भागातील रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची एक बाटली घेतली. तिच्यावर 'श्पेटलेझे' असे लिहिले होते. या शब्दाचा अर्थ उशिरा केलेली तोडणी. उशिरा तोडलेले द्राक्ष पूर्ण पिकलेले असणार आणि म्हणून वाइनही उत्तम असणार, असा माझा हिशेब होता. वाइन खरोखरच उत्तम होती, पण इतकी गोड होती की माशाबरोबर ती चालेना. आजींनी ती प्रेमाने बाजूला ठेवली आणि जेवणानंतर सफरचंदाच्या केकबरोबर सर्वांना दिली. मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराची मुलगी. द्राक्षापासून झालेल्या वस्तूचे लेबल आपल्याला वाचता येऊ नये, हे मला फार लागले, आणि पुढचे काही महिने प्रत्येक खरेदीच्या वेळी मी त्या फडताळापुढे थांबून एकेक शब्द समजून घेऊ लागले.

सर्वांत आधी उलगडला तो 'काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे' हा वर्गांचा चढता क्रम, आणि तो उलगडला माझ्या वडिलांमुळे, नानांमुळे. फोनवर मी त्यांना सांगितले की, इथे तोडणीच्या दिवशी रसातील साखर 'ओएक्स्ले' अंशांत मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. नाना लगेच म्हणाले, "म्हणजे आपलं ब्रिक्सच की!" ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण. मण्यांत पाणी उतरल्यावर ते मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत फिरणाऱ्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. मोझेलच्या रीसलिंगला काबिनेटसाठी किमान 70, श्पेटलेझेसाठी 76 आणि आउसलेझेसाठी 83 अंश लागतात. 76 अंश म्हणजे साधारण साडेअठरा ब्रिक्स. या वर्गांतील वाइनच्या रसात वरून साखर घालण्यास मनाई आहे, हे ऐकून नानांना विशेष समाधान वाटले.

माझी चूक नेमकी इथे होती. हे शब्द घडातील साखर सांगतात. बाटलीत किती साखर उरली आहे, ते सांगत नाहीत. ती साखर पूर्णपणे आंबवली तर श्पेटलेझेसुद्धा कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते, आणि मग लेबलवर 'ट्रोकन' हा वेगळा शब्द येतो. ट्रोकनसाठी लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत, आणि आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत साखर चालते. 'हाल्बट्रोकन' म्हणजे निमकोरडी. 'फाइनहर्ब' या शब्दाला मात्र कायद्यात आकडा नाही, त्यामुळे त्यावर मी फारशी विसंबत नाही. गोडीचा असा कोणताच शब्द नसेल, तर मी मद्यार्काचे प्रमाण पाहते. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. तेव्हा 8 टक्क्यांच्या रीसलिंगमध्ये बरीच साखर तशीच राहिली आहे आणि 12 टक्क्यांची बहुधा कोरडी आहे, असे धरायला हरकत नाही. शेजाऱ्यांकडे नेलेल्या बाटलीवर 8 टक्के छापलेले होते.

गावांची नावे समजायला मराठीची मदत झाली. आपण नागपूरचे ते नागपुरी म्हणतो, तसे पीसपोर्ट गावचे ते 'पीसपोर्टर', आणि पुढचा शब्द मळ्याचा. पण यात एक खाचखळगा आहे, जो मला अजूनही अन्यायकारक वाटतो. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' हा त्या गावाचा खरा, स्वतंत्र मळा आहे. 'पीसपोर्टर मिशेल्सबर्ग' हे मात्र आसपासच्या अनेक गावांचे मळे एकत्र करून 1971 च्या कायद्याखाली बांधलेल्या मोठ्या क्षेत्राचे नाव आहे. दोन्ही लेबले सारखीच दिसतात आणि नवख्या ग्राहकाला फरक कळण्याचा मार्गच राहत नाही. कायद्यात 2021 मध्ये झालेल्या बदलानुसार 2026 च्या पिकापासून अशा मोठ्या क्षेत्राच्या नावाआधी 'रेगिओन' हा शब्द लावावा लागणार आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत 'गुट्सआबफ्युलुंग' दिसले, तर द्राक्षे पिकवणाऱ्यानेच वाइन करून बाटलीत भरली आहे; नुसते 'आबफ्युलर' असेल, तर ते फक्त बाटली भरणाऱ्याचे नाव असते. शेतकऱ्याच्या घरची असल्यामुळे मी पहिला शब्द शोधते.

8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनसाठी युरोपीय संघाने घटक आणि पोषणमूल्ये देणे बंधनकारक केले. पूर्ण तक्ता बहुतेक वेळा क्यूआर कोडमागे असतो आणि त्यात 100 मिलिलिटरमागे साखर किती, हे ग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला दहाने गुणले की लिटरचा आकडा मिळतो. गेल्या महिन्यात त्याच शेजाऱ्यांकडे पुन्हा मासे होते. फडताळापुढे उभी राहून मी एका श्पेटलेझे ट्रोकनचा कोड फोनवर उघडला. त्यात 0.6 ग्रॅम, म्हणजे लिटरला 6 ग्रॅम साखर होती. मद्यार्क साडेबारा टक्के आणि मागे गुट्सआबफ्युलुंग. या वेळी बाटली माशाबरोबरच संपली.