तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्डात विद्यार्थिनीचं ऐकतं कोण?

"नर्सिंगला आहेस ना, मग लीडरशिप कशाला शिकतेस? वॉर्डात विद्यार्थिनीचं ऐकतं तरी कोण?" नातेवाईक हे कुतूहलाने विचारतात. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत पहिल्या पोस्टिंगसाठी निघालेले ज्युनिअर धास्तीने विचारतात. इतक्या वेळा विचारलं जातं म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सेमिस्टरला नर्सिंग मॅनेजमेंट आणि लीडरशिप असा विषय आहे. हुकूमशाही, लोकशाही, मुक्त असे नेतृत्वाचे प्रकार त्यात येतात. परीक्षेत ते नीट लिहावेत, पण वॉर्डातला प्रश्न त्याहून साधा असतो. बिघडत चाललेला पेशंट सगळ्यात आधी कुणाला दिसतो? ज्याच्या हातात बीपीचं मशीन आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट आहे त्याला. ते काम बहुतेक वेळा विद्यार्थ्यांकडेच असतं. म्हणजे सगळ्यात कमी अधिकार असलेल्या माणसाकडे सगळ्यात ताजी माहिती असते. ती माहिती योग्य माणसाकडे, वेळेत आणि त्याला लगेच काही करता येईल अशा रूपात पोचवणं, याला मी नेतृत्व मानते. त्यासाठी पद लागत नाही, तयारी लागते.

सरकारी रुग्णालयात अधिसेविका, वॉर्डाच्या इन्चार्ज परिसेविका, मग अधिपरिचारिका, म्हणजे आपल्या स्टाफ सिस्टर आणि ब्रदर, अशी उतरंड असते. शेजारी डॉक्टरांची वेगळी उतरंड, इंटर्नपासून युनिट हेडपर्यंत. विद्यार्थी दोन्हींच्या खाली. या उतरंडीशी भांडण्यात शक्ती घालवू नये. पेशंटमधला बदल आधी त्या खाटेच्या स्टाफ सिस्टरला सांगायचा, त्या सापडल्या नाहीत तर इन्चार्जना, त्याही दुसरीकडे अडकल्या असतील तर थेट ड्युटीवरच्या रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरांना. हा क्रम आणि रेसिडेंटचा ड्युटी नंबर पोस्टिंगच्या पहिल्याच सकाळी विचारून वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा. गरज पडते तेव्हा विचारायला वेळ नसतो.

आता सांगायचं कसं ते. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, पेशंट भरपूर, म्हणून तेच उदाहरण घेते. गडचिरोलीहून आलेला २२ वर्षांचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून भरती आहे. दुपारी अडीचला श्वास मिनिटाला २०, ऑक्सिजन ९५ टक्के, नाडी १०४. चार वाजता तो म्हणतो, "सिस्टर, दम लागून राहिला जी." मोजलं तर श्वास २८, ऑक्सिजन ९१, नाडी ११८, ताप ३८.६ सेल्सिअस, बीपी ११६/७०. अशा वेळी पळत जाऊन "सिस्टर, चौदा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं तर समोरून उत्तर येतं, "बरं, बघते." त्यांच्याकडे असेच आणखी चाळीस पेशंट असतात, चूक त्यांची नाही.

त्याऐवजी चार तुकड्यांत सांगायचं: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. ही एसबार पद्धत. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली ही रीत कैसर पर्मनेंटे या आरोग्यसेवा संस्थेतल्या मंडळींनी रुग्णालयात रुळवली. मराठीत ते असं होतं: "सिस्टर, खाट चौदा, ऑक्सिजन ९१ वर आलाय, श्वास २८, छातीत नव्याने दुखतंय. सिकलचा पेशंट आहे, काल भरती झालाय. अडीचला ऑक्सिजन ९५ आणि श्वास २० होता. मला छातीतली क्रायसिस सुरू झाल्याची भीती वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघता का? आणि ऑक्सिजन लावायची तयारी करू का?" एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही.

यातला तिसरा तुकडा विद्यार्थी गाळतात. निदान करणं आपलं काम नाही, असं वाटतं. निदान नका करू, पण काळजी कशाची वाटते ते सांगा. ते जमत नसेल तर न्यूज-२ चा तक्ता हाताशी ठेवा. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा हा तक्ता श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देतो. वरच्या मुलाचे अडीचला २ गुण होते, चारला ९ झाले. एकूण ५ झाले तर डॉक्टरांनी तातडीने पाहायचं, ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. आकडा सांगितला की "बरा वाटत नाही"ला वजन येतं. या सगळ्यात श्वासाचा आकडा सर्वांत आधी हलतो आणि नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. वॉर्डभर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला चार्ट दिसला की समजावं, कुणी मोजलेला नाही. पूर्ण एक मिनिट, नाडीवर बोट ठेवूनच, पेशंटला न सांगता मोजावा.

आणि तरीही ऐकलं नाही तर? एकदा सांगून गप्प बसायचं नाही. दुसऱ्यांदा त्याच शांतपणे, पण शब्द एक पायरी वर नेऊन: "सिस्टर, मला खरंच काळजी वाटतेय." मग, "हे असंच ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही, मी इन्चार्ज मॅडमना सांगू का?" आवाज चढवायचा नाही, पाठीमागे बोलायचं नाही, आणि कुणाला कळवलं ते वेळेसह नोंदवायचं. ज्येष्ठांचा मान आणि पेशंटची सुरक्षितता यांत ओढाताण आहे असं वाटतं खरं, पण ती मुख्यतः आपण वापरलेल्या सुराची असते.

मग येते औषधांची दुहेरी तपासणी. इथे टीमवर्क असल्याचा भास सगळ्यात जास्त होतो. इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, बहुधा मिलीला ४० युनिटचं इन्सुलिन येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटचंही मिळतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट, १०० च्या सिरिंजमध्ये ४० चं २० पर्यंत भरलं तर जेमतेम ८ युनिट. पहिल्या चुकीत साखर धाडकन उतरते. दुसरीत ती चढीच राहते आणि डोस वाढवत नेला जातो, पुढे कुणीतरी बरोबर सिरिंज वापरते आणि मग तोच वाढवलेला डोस अंगावर येतो.

तपासणी कशी फसते? भरलेली सिरिंज समोर धरून "वीस आहे ना?" असं विचारल्यावर दुसरा माणूस "हो" म्हणतो. त्याने तपासलेलं काहीच नसतं, फक्त दुजोरा दिलेला असतो. व्हायल, सिरिंज आणि ऑर्डर तिन्ही त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचं, "किती युनिट दिसतंय?" हिशोब त्याने स्वतः करायचा. पोटॅशियम क्लोराइडला, हेपॅरिनला, रक्ताच्या पिशवीला हाच नियम. रक्त असेल तर पिशवी आणि फॉर्म पेशंटच्या उशाशी नेऊन नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही.

नागपूरच्या मे महिन्यात टीमची खरी परीक्षा उष्माघाताच्या पेशंटवर होते. पारा ४५ च्या पुढे गेला की रुग्णालयांत कोल्ड वॉर्ड सज्ज असतात, पण नुसत्या खाटा आणि बर्फ असून भागत नाही. पेशंट बरळतोय किंवा बेशुद्ध आहे, अंग भाजतंय, आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर. पहिल्या अर्ध्या तासात ते ३९ च्या आसपास आणायचं असतं. पाच माणसं असतील तर एक डोक्याशी, श्वासमार्ग आणि ऑक्सिजन बघायला. दुसरा सलाइनची लाइन घेणारा, आणि साखर लगेच तपासणारा, कारण बेशुद्धीचं कारण तेही असू शकतं. दोघं कपडे काढून साध्या पाण्याने अंग ओलं करणारे, पंखा थेट अंगावर, कापडात गुंडाळलेला बर्फ मान, काखा आणि जांघेत. पाचवा घड्याळ आणि थर्मामीटर सांभाळणारा, दर पाच मिनिटांनी तापमान मोठ्याने सांगून लिहिणारा.

हे पाचवं काम विद्यार्थ्याला मिळतं आणि ते कमीपणाचं मानलं जातं. माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं. ते कुणी घेतलं नाही तर थंड करणं नेमकं कधी थांबवायचं हे कुणालाच कळत नाही. साधारण ३८.५ ते ३९ ला थांबलं नाही तर तापमान नको तितकं खाली घसरतं. मोजणी गुदद्वारातून हवी. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो आणि खोटा दिलासा देतो. बाकी बिघाड ठरलेले असतात. सगळे बर्फ आणायला धावतात आणि डोक्याशी कुणी उरत नाही. ओली चादर अंगावर पांघरून ठेवली जाते, ती तापते आणि वारा अडवते. हुडहुडी भरली तर अंगात उलट उष्णता तयार होते, ते डॉक्टरांना लगेच सांगावं लागतं. पॅरासिटामॉलची वाट पाहण्यात वेळ जातो, आणि या तापावर ते चालत नाही. एक आपल्या गावची गोष्टही: नागपूरच्या कोरड्या हवेत ओलं अंग झपाट्याने सुकतं आणि उष्णता घेऊन जातं, पण खिडक्या बंद करून कूलर लावला की खोली दमट होते आणि तो फायदा निम्मा होतो. खिडकी उघडायची आठवण करणं हेही टीममधलं काम आहे.

आणि टीमचा प्रमुख? तो खाटेच्या पायथ्याशी उभा, हात रिकामे. तो स्वतः लाइन शोधत बसला की पूर्ण चित्र बघणारा कुणी राहत नाही. त्याने "कुणीतरी ग्लुकोमीटर आणा" म्हटलं की तिघं निघतात किंवा कुणीच निघत नाही. नाव घेऊन किंवा हाताने दाखवून सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, झाल्यावर "साखर ११२" असं कळवायचं. सीपीआरमध्येही, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबताना, हेच: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेल्या माणसाला आपले दाब उथळ झालेत हे स्वतःला कळत नाही, म्हणून पुढचा आधीच शेजारी उभा हवा.

ऑपरेशन थिएटरमध्ये हीच शिस्त कागदावर आलीय. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया यादी आठ शहरांत, त्यात दिल्लीही, तपासली गेली. २००९ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलेलं होतं. चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं हाही त्या यादीतला एक मुद्दा आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही चुकताना दिसलं तर बोलायला कमी कचरतो.

ड्युटी बदलताना ओव्हर देणं-घेणं खाटेशीच व्हावं, टेबलाशी नाही. "आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू आहे" यातून काहीच कळत नाही. "दुसरी बाटली, ३०० मिली शिल्लक, मिनिटाला ४२ थेंब" असं दोन वाजता सांगितलं, तर मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटने ती साडेचारच्या आत संपेल हे पुढच्या माणसाला कळतं. लघवी किती झाली, कुठला रिपोर्ट यायचाय, नातेवाइकांना काय सांगितलंय, हे सांगितलं नाही तर ते हरवतंच.

मावशी, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार हेही टीममध्येच येतात. सिलिंडर कुठल्या मजल्यावर आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. पेशंटला सीटीला नेताना लहान, बी टाइपच्या सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरेल, पण काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तासच. रांगेत थांबावं लागेल का हे वॉर्डबॉय मामांना आधी विचारलं तर दुसरा सिलिंडर सोबत येतो. छिंदवाडा, बालाघाटकडून आलेल्या पेशंटची बोली समजणारंही त्यांच्यातच कुणीतरी सापडतं. त्यांना अहोजाहो करावं, नाव विचारावं, ऑर्डर न सोडता काम समजावून सांगावं.

धावपळ संपली की पाच मिनिटं थांबायचं. "सर, दोन मिनिटं बोलूया का?" असं विद्यार्थ्यानेही विचारावं, कुणी रागावत नाही. काय वेळेत झालं, काय उशिरा झालं, हाताशी काय नव्हतं, एवढंच बोलायचं. कोणाचं चुकलं हे नाही. मग लगेच क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची गाडी: वापरलेल्या ॲड्रेनालिनच्या जागी नवीन ॲम्प्यूल, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढतं का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या किती उरल्या. संपलेल्या वस्तूंचा इंडेंट (मागणीपत्र) त्याच ड्युटीत टाकायचा आणि रजिस्टरात वेळ घालून सिस्टरची सही घ्यायची.