सतरा गाड्या

१३ डिसेंबर २०२५, शनिवार. रात्री साडेदहा.

माळ्यावरची खोकी खाली काढायचं काम आज एकदाचं झालं. तिसऱ्या खोक्यात, अमेरिकेहून आणलेल्या आणि पुण्यात एकदाही न घातलेल्या स्वेटरांच्या खाली, एक झिप डिस्क निघाली, कॉम्प्युटरच्या फायली साठवायची. तळहाताएवढी, फ्लॉपीपेक्षा जाड. लेबलावर हिच्या अक्षरात ‘गणपती ९६’. ड्राइव्हचा पत्ता नाही. तो बहुधा २००९ मध्ये परत येताना तिकडेच कुणाला तरी देऊन टाकला.

दुपारी पुतण्या जेवायला आला होता. डिस्क उलटसुलट करून म्हणाला, ‘काका, हिच्यात मावायचं किती?’ शंभर एमबी म्हटल्यावर हसला. हसू दे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या काळात शंभर म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉप्या एका खिशात. पण हा विषय हसण्यावारी जाणार नव्हता, कारण तो स्वतःच सध्या स्टोरेजमध्ये नाकापर्यंत बुडालेला आहे. शेअर घेऊन. सॅनडिस्क, मेमरी चिप बनवणारी कंपनी. फेब्रुवारीत ती वेस्टर्न डिजिटलपासून वेगळी झाली तेव्हा शेअर पन्नास डॉलरच्या आसपास होता, आता दोनशेच्या आसपास आहे, मध्ये त्याहूनही बराच वर जाऊन आला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरत नाही, म्हणून. गेल्या महिन्यात एस अँड पी ५०० मध्येही घेतली, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात. ह्याने सप्टेंबरात घेतलेत, फोनवरच्या अ‍ॅपवरून. वरणभात कालवता कालवता दोनदा भाव बघितला. शनिवारी! बाजार बंद असताना!

आणि मग त्याने अभिमानाने सांगितलं की तो नुसता भाव बघणाऱ्यातला नाही. दर शनिवारी सकाळी तपकीर गल्लीत जातो, तिथल्या कॉम्प्युटरच्या ठरलेल्या पाच दुकानांत एक टीबीच्या एसएसडीचा, म्हणजे मेमरी चिपांच्या डिस्कचा, भाव विचारतो आणि फोनमध्ये लिहून ठेवतो. ‘ग्राउंड रिसर्च, काका.’

मी हिच्याकडे पाहिलं. ही ताटात बघत होती, पण खांदे हलत होते.

म्हणून त्याला रॉयची गोष्ट सांगितली. सगळी नाही सांगता आली, त्याला चारला कुठे तरी जायचं होतं. उरलेली इथे लिहितो.

रॉय हे युटामधलं गाव. सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटर, ऑग्डेनच्या जवळ. तिथे १९८० मध्ये आयोमेगा नावाची कंपनी सुरू झाली. तिचा बर्नूली बॉक्स, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डिस्कचा ड्राइव्ह, कचेऱ्यांतून चालायचा, घरात कुणाला माहीत नव्हता. १९९४ मध्ये वर्षाची विक्री १४ कोटी डॉलर. त्याच सुमारास किम एडवर्ड्स प्रमुख म्हणून आले आणि मार्च १९९५ मध्ये झिप ड्राइव्ह बाजारात आला. निळ्या रंगाचा, पुस्तकाएवढा. ड्राइव्ह १९९ डॉलर, डिस्क १९.९५. दाढीच्या सामानाचंच गणित: रेझर परवडेल असा द्यायचा आणि पात्यांवर कमवायचं. दुकानांत माल टिकत नव्हता.

आम्ही त्याच उन्हाळ्यात सॉल्ट लेकला आलो. हिवाळ्याच्या तोंडावर मी ड्राइव्ह घेतला आणि महिन्याभरात कंपनीचे पन्नास शेअर. ब्रोकरला फोन करून. भाव तेव्हा अष्टमांशात बोलत, ‘अमुक आणि सात अष्टमांश’. एक अष्टमांश म्हणजे दोन आणे. आमच्या आजोबांना तो भावांचा फळा माझ्यापेक्षा लवकर वाचता आला असता.

शेअर का घेतले, ह्याचं खरं उत्तर एओएल हे आहे, फोनच्या तारेवरून चालणारी तेव्हाची ऑनलाइन सेवा. डेव्हिड आणि टॉम गार्डनर हे दोघे भाऊ तिथे ‘मॉटली फूल’ चालवायचे, विदूषकाच्या टोप्या घालून. वॉल स्ट्रीटच्या पंडितांपेक्षा सामान्य माणसाला जास्त कळतं, हे त्यांचं सांगणं. १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच्या पोर्टफोलिओत आयोमेगा घेतला होता आणि तिथला आयोमेगाचा चर्चेचा फलक रात्रंदिवस जागा असायचा. एओएल तेव्हा तासावर पैसे लावायचं. रिक्षाचं मीटर पडल्यासारखं वाटायचं, आणि ही दारात येऊन विचारायची, ‘किती झालं?’ सरसकट महिन्याचा दर डिसेंबर १९९६ मध्ये आला. तोही १९.९५. ह्या आकड्याने माझं त्या वर्षी बरंच नेलं.

पण खरं सांगतो, तिथली मंडळी भंपक नव्हती. आज ‘टिप’ म्हणून जे येतं त्याच्याशी त्याची तुलना करू नये. कुणी ड्राइव्ह उघडून आत कुठले सुटे भाग आहेत आणि ते बनवायला किती खर्च येत असेल ह्याचा हिशेब मांडायचा. कुणी आपल्या गावातल्या कॉम्पयूएसएमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानात, फोन करून माल आहे का संपला ते विचारायचा. कंपनी शॉर्ट करणारे, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारे, मंदीवाले पुष्कळ होते, त्यांच्याशी रात्र रात्र वाद. आणि काही जण रॉयला जाऊन कारखान्यासमोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजून यायचे. रात्री किती, सुटीच्या दिवशी किती. गाड्या जास्त म्हणजे पाळ्या जास्त, पाळ्या जास्त म्हणजे ड्राइव्ह जास्त, आणि तिमाहीचा निकाल यायच्या आधी आपल्याला माहीत. पंडित न्यूयॉर्कमध्ये बसून कोष्टकं करणार, आणि आपण प्रत्यक्ष गाड्या मोजणार. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू.

इतर लोक दुरून यायचे. माझ्या तर घरापासून पाऊण तासावर.

जुनी डायरी काढून पाहिली. २१ एप्रिल १९९६, रविवार. ‘रॉयला जाऊन आलो. ऊन. डोंगरावर बर्फ.’ एवढंच. बाकीचं पाठ आहे. युटात रविवार म्हणजे सगळं चिडीचूप, दुकानं बंद, लोक चर्चमध्ये. हायवेवर आमचीच गाडी. हिला मी ‘जरा फिरून येऊ’ म्हणून काढली होती. हिने डब्यात थालीपीठ आणि दही घेतलेलं, तिला वाटलं तळं वगैरे असेल. तिच्यासमोर आला तो लांबलचक, ठेंगणा, काहीच बघण्यासारखं नसलेला कारखाना. आणि गाड्यांनी भरलेलं पार्किंग. रविवारी! माझ्या छातीत धडधडायला लागलं.

मी तिला खरं सांगितलं. ती चिडली नाही, तिने पदर खोचला (म्हणजे जीन्सच होती, पण तसंच) आणि म्हणाली, ‘तू डावीकडून मोज, मी उजवीकडून. मग दोन्ही जुळवू.’ कोष्ट्याच्या घरची मुलगी, सूत मोजण्यात वाढलेली. आम्ही दोघांनी पूर्ण पार्किंग स्वतंत्रपणे मोजलं. सुरक्षारक्षक काचेतून बघत होता. त्याला असले येडे नवे नसावेत.

तिचा आकडा माझ्यापेक्षा सतराने कमी आला.

बॉनेटवर थालीपीठ ठेवून आम्ही त्या सतरा गाड्यांवर वाद घातला. कुंपणाला लागून एक रांग होती. ती म्हणत होती, ह्या पलीकडच्या इमारतीच्या आहेत, तोंडं बघ कुठे आहेत. मी म्हणालो, जागा नसल्यामुळे लावल्यात. ती म्हणाली, ‘जागा आहे की. ती बघ, मधली अख्खी ओळ रिकामी.’ होती. मी बघितली.

रात्री एओएलवर मी माझा आकडा टाकला. दोन आकडे आहेत हे लिहिलं नाही. दहा-बारा जणांनी आभार मानले. कुणी तरी त्यावरून आठवड्याचं उत्पादन काढलं, दुसऱ्याने त्यावरून तिमाहीची विक्री. मी ते सगळं वाचत बसलो, मीटर चालू, आणि मला स्वतःलाच त्यातून नवा पुरावा मिळाल्यासारखं वाटत गेलं. आपणच पेरलेलं आपल्याला उगवून आलेलं दिसत होतं आणि मी ते शेतच दुसऱ्या कुणाचं तरी समजत होतो. ह्या एका रात्रीबद्दल मला त्या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त ओशाळवाणं वाटतं. कुणाचं नुकसान झालं असेल असं नाही. सतरा गाड्यांनी काय होणार होतं? पण ती मधली रिकामी ओळ मी पाहिली होती.

मे महिना. त्या वर्षी जानेवारी ते मे ह्या काळात शेअर दोनदा स्प्लिट झाला, आधी एकाचे तीन, मग एकाचे दोन. पन्नासाचे तीनशे. मी पेढे आणायच्या बेतात. ही म्हणाली, ‘भाकरीचे सहा तुकडे केले की भाकरी वाढते का रे?’ नाही वाढत. पण वाढली मात्र, कारण लोकांना तुकडे आवडतात. मेच्या अखेरीस सगळ्या शेअरांची मिळून किंमत ५०० कोटी डॉलरच्या वर होती, आणि १९९५ चा संपूर्ण वर्षाचा नफा ८५ लाख डॉलर. भागाकार कुणालाही येतो. जवळपास सहाशे पट. मला गाड्यांचा आकडा पाठ होता, ड्राइव्हच्या मोटरची किंमत पाठ होती, पण हा भागाकार मी केला तो नंतर, १९९७ मध्ये, एका कंटाळवाण्या दुपारी.

बाबांचं पत्र त्याच महिन्यातलं आहे, तेही खोक्यात सापडलं. त्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, पण १९९२ मध्ये एसीसी दहा हजारांपर्यंत गेला होता आणि हर्षद मेहतानंतर काय झालं हे त्यांना तोंडपाठ. ‘तुझी कंपनी चांगलीच असेल. एसीसीही सिमेंट चांगलंच बनवते.’ मी ते वाचून हसलो होतो, म्हाताऱ्यांना तंत्रज्ञान कळत नाही म्हणून.

गंमत म्हणजे गाड्या मोजणारे धंद्याबद्दल चुकले नव्हते. १९९५ ची ३२.६ कोटींची विक्री १९९६ मध्ये १२० कोटींवर गेली. जवळजवळ चौपट! १९९७ मध्ये आणखी वाढली. पार्किंग खोटं बोलत नव्हतं. तरी शेअर मे १९९६ ची उंची पुन्हा कधीच गाठू शकला नाही. पुतण्याला मी हेच दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, ‘पण काका, विक्री वाढली ना?’ वाढली बाबा.

१९९८ मध्ये एडवर्ड्स गेले, ड्राइव्हच्या ‘क्लिक ऑफ डेथ’वरून, म्हणजे टकटक करत बंद पडण्यावरून, खटला झाला (आमच्या ड्राइव्हने कधी टकटक केली नाही, उगीच का बोलू), आणि सीडी रायटर स्वस्त होत होते. कोरी सीडी ६५० एमबीची, किंमत झिप डिस्कपुढे किरकोळ. पात्यांवर कमवायचं होतं, आणि पाती शेजारच्या दुकानात फुकटात जमा. मी त्या उन्हाळ्यात विकले. तोटा झाला नाही. मे १९९६ मध्ये विकले असते तर नवी गाडी आली असती, १९९८ मध्ये जुनी आली. होंडा. चांगली चालली. ही तिला ‘अठरावी’ म्हणायची.

कंपनी पुढे सॅन दिएगोला गेली आणि २००८ मध्ये ईएमसी ह्या स्टोरेजमधल्याच बड्या कंपनीने ती साधारण २१ कोटी डॉलरला घेतली. नाव नंतर पुसलंच गेलं.

हे एवढं सांगून झाल्यावर मी पुतण्याला म्हटलं, बघू तुझी वही. त्याने फोन पुढे केला. नीट तक्ता, तारखा, भाव चढते. चांगलं काम आहे, कौतुक केलं. मग दिसलं की पाच दुकानांपैकी शेवटच्या रकान्यात आजची जागा कोरी आहे.

‘तो होय?’ तो म्हणाला. ‘तो मागच्या महिन्याच्याच भावाने द्यायला तयार होता. जुना माल पडला असणार त्याच्याकडे. म्हणून नाही धरला.’

स्वयंपाकघरातून भांडी घासता घासता ही ओरडली, ‘सतरा!’

त्याला काही कळलं नाही. त्या सतरा गाड्यांचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. माझ्या गोष्टीतला तो भाग मी, सवयीने म्हणा, गाळला होता. चहा घेताना सांगितला. तो हसला, आणि जिना उतरताना थांबून फोनमध्ये काही तरी टाइप करत होता. काय ते विचारलं नाही. भावही बघत असेल.

डिस्कमध्ये त्या वर्षीच्या गणपतीची पत्रिका आहे. मंडळात आम्ही मोजून नऊ घरं होतो. बाबांना पाठवायचे म्हणून काढलेले फोटो स्कॅन करून ठेवले होते तेही त्यातच असावेत, ही म्हणते. त्यातला एक तरी रॉयचा असणार, बॉनेटवरच्या डब्याचा. उद्या रविवार, पुतण्या जुन्या बाजारात ड्राइव्ह मिळतो का बघतो म्हणाला. मी त्याला मेसेज केलाय: निळा असतो, पण यूएसबीवाला बघ, पॅरलल पोर्टचा घेऊ नकोस, आपल्याकडे लावायला काही नाही. आणि अडॅप्टर वेगळा असतो, तो मागून घे.